हेडमास्तरांच्या टाकीतलं शेवाळ

खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या माणसाकडे खरं तर किस्से असायला नकोत. मासे बोलत नाहीत, प्रवाळ जागचं हलत नाही, आणि टाकीसमोर बसलेला माणूस त्या दोघांपेक्षा गप्प. तरी माझ्या अकरा वह्या भरल्या आहेत. डाव्या पानावर आकडे असतात: तापमान, क्षारता, किती पाणी बदललं, शेवाळ किती. उजव्या पानावर शेरा, म्हणजे त्या दिवशी कोण काय म्हणालं ते. डाव्या पानांवर मासे जगतात, उजव्या पानांवर आम्ही. शेरे शेवाळासारखेच असतात. मुद्दाम कुणी लावत नाही, रोज जरासे साठतात, आणि एके दिवशी बघावं तर काच दिसेनाशी झालेली असते.

आम्ही म्हणजे तिघं. वसईला केळीच्या वाडीत राहणारे बस्त्याव सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. नालासोपाऱ्यात हार्डवेअरचं दुकान चालवणारा जगन, मूळचा खाडीकाठच्या शेतकरी घरातला. आणि मी, स्टेशनजवळच्या इमारतीत राहणारा, गोळ्यांच्या पॅकिंगवर सुपरवायझर. तिघांच्याही घरी खाऱ्या पाण्याची टाकी. सर रविवारी मिस्सावरून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आले की आम्ही त्यांच्याकडे जमतो.

चौथ्या रेजिना टीचर, सरांच्या पत्नी. त्या आमच्या कंपूत नाहीत, पण घर त्यांचं आहे. सर ज्या शाळेत शिकवायचे तिथेच टीचर शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. म्हणजे सर घरी आणि शाळेत एकाच हाताखाली. "त्याचा फायदा असा," सर म्हणतात, "की तक्रार कुठे करायची हा प्रश्नच येत नाही."

* * *

सरांच्या टाकीतला मुख्य मासा म्हणजे नऊ वर्षांचा क्लाउनफिश. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. त्याचं नाव हेडमास्तर. कुणी मासा आपली जागा सोडून फिरायला लागला की हा मागून जाऊन त्याला ढोसतो आणि जागेवर पाठवतो, म्हणून हे नाव.

टीचरना नाव पसंत नव्हतं. "कुठल्या हेडमास्तरवरून ठेवलंत?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं म्हणे.

"जुने होते एक," सर म्हणाले.

पुढे एकदा जगननं मोबाईलवर वाचून दाखवलं, की या जातीच्या जोडीत मोठा मासा असतो ती मादी, आणि तिच्या मागे मागे फिरतो तो लहान, तो नर. "सर, लोचा झाला. तुमचा हेडमास्तर लेडीज आहे."

टीचर तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सरांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, "मला पहिल्यापासून माहीत आहे."

त्या रविवारी आम्हाला चहा मिळाला नाही. वहीत तशी नोंद आहे.

* * *

शेवाळ आलं ते पावसाळ्यात. आधी दगडांवर हिरवी लव दिसली. सर खूश. "वाडीवाल्याच्या घरात काहीही उगवतं," असं आल्यागेल्याला सांगायचे. पंधरा दिवसांत त्या लवेचे केस झाले, बोटभर लांब, पाण्याच्या झोतात हलणारे. मग प्रवाळ झाकायला लागलं. मग काच.

सरांनी एक जुना टूथब्रश घेतला आणि रोज सकाळी दगड घासायला सुरुवात केली. ब्रश टाकीशेजारीच एका पेल्यात उभा असायचा.

गणपतीच्या सुट्टीत टीचरचा भाऊ दोन दिवस राहायला आला. रविवारी आम्ही पोचलो तेव्हा तो नुकताच तोंड धुऊन आला होता. सरांना म्हणाला, "भावोजी, तुमच्याकडची पेस्ट चांगली आहे. जरा खारट लागते, पण दात एकदम मोकळे वाटतात. कुठली वापरता?"

सरांनी पेल्याकडे पाहिलं. पेला रिकामा होता.

"घरचीच आहे," सर म्हणाले.

तो मेहुणा अजून विचारतो.

* * *

घासून शेवाळ जात नाही हे मी सरांना पहिल्यापासून सांगत होतो. शेवाळाला खत लागतं. पाण्यात फॉस्फेट नावाचं खत कुठून तरी येतंय, ते बंद करा, शेवाळ उपाशी मरेल. ते मोजायचा संच माझ्याकडे आहे. नळीत पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे. रंग आला नाही तर पाणी चांगलं, निळा आला तर वाईट.

टाकीतलं पाणी उडून कमी होतं ते सर विहिरीच्या पाण्यानं भरायचे. मी विहिरीचं पाणी तपासलं. निळं.

सरांना राग आला. "ही विहीर माझ्या आजोबांनी खणली. अख्खी आळी या पाण्यावर वाढली."

"आजोबांच्या वेळी वाडीत पोत्यातली खतं नव्हती, सर."

मग जगनच्या सोसायटीतलं टँकरचं पाणी आणलं. निळं. "टँकरचं काय सांगू नको भाऊ," जगन म्हणाला, "त्यात काय काय असेल ते ड्रायव्हरला पण माहीत नसतं." माझ्या इमारतीच्या बोअरिंगचं पाणी. निळं. पागोळीचं पाणी भांड्यात धरून आणलं. तेही निळं. मी वहीत ओळ लिहिली की वसईच्या आभाळातसुद्धा फॉस्फेट आहे.

शेवटी सरांनी दुकानातून सीलबंद पाण्याची बाटली आणली, माझ्यासमोर फोडली. निळं.

सरांनी नळी उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी वर्गात विचारतात तसं विचारलं, "मोहन, पाचही उत्तरं सारखी आली की काय तपासायचं असतं?"

"काय?"

"पाटी. ही नळी तू कशानं धुतोस?"

मी नळी प्रत्येक वेळी कपड्यांच्या पावडरीनं तीनदा स्वच्छ धूत होतो. फॉस्फेट त्या पावडरीत होतं.

नळी नुसत्या पाण्यानं धुऊन परत सगळं तपासलं. विहिरीचं पाणी निर्मळ निघालं. सरांनी त्या दिवशी मला विहिरीवर नेलं आणि आजोबांच्या नावाचा दगड दाखवला.

म्हणजे खत पाण्यातून येत नव्हतं. मग कुठून येत होतं, हा प्रश्न राहिलाच.

* * *

पाणी बदलायला आम्हाला समुद्राचं पाणी पुरवते ती कळंबची हिरामावशी. घरची बोट आहे, किनाऱ्यापासून आत गेल्यावर कॅन भरून घेतात. मावशी ते टेम्पोतून आणून देते. पाणी देते, पण आम्हाला शहाणं समजत नाही.

सरांना दगड घासताना तिनं पाहिलं आणि ओटीवर बसून हसली. "आमी खडकावरच्या शेवालावरून घसरून कंबर मोडून घेतो. आनि तुमी त्योच खडक घरात आनून त्याला दात घासता?"

"मावशी, तुमच्या दर्यात एवढं शेवाळ का होत नाही ते सांगा," सर म्हणाले.

"व्हतं की. पन खानारे बी हायत ना."

पुढच्या खेपेला तिनं पिशवीतून बारा गोगलगायी आणल्या, खडकावरच्या, काळ्या, बोराएवढ्या. "सोडा. रात्रभर चरतील."

सरांनी मोजून सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत एकही नव्हती.

इथे घराची रचना सांगायला हवी. टाकी हॉलमध्ये, आणि टाकीच्या बरोबर वर आल्तार, म्हणजे घरातली प्रार्थनेची जागा. एक फळी, तिच्यावर क्रूस, मारियामातेची तसबीर, मेणबत्त्या आणि संत अंतोनींची वीतभर मूर्ती. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्यांची प्रार्थना करतात ते संत अंतोनी.

सर आणि टीचरनी दिवसभर शोध घेतला. सोफ्याखाली चार, पडद्यावर तीन, चपलेत एक, भिंतीवर तीन. अकरा झाल्या. बारावी सापडेना. संध्याकाळी टीचर प्रार्थनेला उभ्या राहिल्या, डोळे मिटले, उघडले. बारावी संत अंतोनींच्या पायाशी बसली होती.

सर म्हणाले, "बघ, मागायच्या आधीच सापडली."

ते दोघं भांडतात घरच्या बोलीत. ती मला निम्मीच कळते. पण निकाल टीचर नेहमी शाळेच्या मराठीत देतात, त्यामुळे तो आम्हाला रविवारी जसाच्या तसा ऐकायला मिळाला.

"ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. आपल्या आळीत मारियामाउलीची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी जाते. तिसऱ्या रविवारी ती आपल्याकडे येणार. हॉलमध्ये पन्नास माणसं गुडघे टेकून बसतील. त्यांनी माउलीकडे बघायचं की तुमच्या त्या गवताकडे? त्या दिवशी टाकी स्वच्छ दिसली तर राहील. नाही दिसली तर ओटीवर."

ओटी पश्चिमेची. दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन. ऑक्टोबरच्या उन्हात काचेच्या टाकीतलं पाणी किती तापेल याचं गणित सरांनी कागदावर केलं. मी उत्तर पाहिलं. हेडमास्तर दोन दिवस काढू शकला नसता.

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या रविवारी त्यांनी एकही विनोद केला नाही.

* * *

आता जगननं सूत्रं हातात घेतली. त्याचा सिद्धांत असा, की शेवाळाला दुसरीकडे चांगली जागा करून द्या, म्हणजे ते इथून जाईल. "नालासोपाऱ्यात काय झालं, सर? मुंबईत जागा नव्हती, सगळे आमच्याकडे आले. सेम."

त्यानं दुकानातून पाइप, छोटा पंप आणि प्लॅस्टिकची पेटी आणली. टाकीतलं पाणी पेटीतून फिरवायचं, पेटीवर झगझगीत दिवा लावायचा, शेवाळ पेटीत वाढू द्यायचं आणि आठवड्याला काढून टाकायचं. कल्पना चुकीची नव्हती. मी पुस्तकात वाचली आहे. फक्त या कामाचा दिवा गुलाबी-जांभळा असतो, आणि पेटी ठेवायला जागा होती ती रस्त्याकडच्या खिडकीत.

संध्याकाळ झाली की सरांचं कौलारू घर गुलाबी दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला फाटकाशी रिक्षा थांबली. आतून एक जोडपं उतरलं, बॅगा घेऊन. समुद्राकडच्या कॉटेजेस शोधत रस्ता चुकले असणार. रिक्षावाल्यानं लांबून दिवा पाहिला आणि आणून सोडलं. टीचर हातात जपमाळ घेऊन दारात आल्या.

"रूम मिलेगा क्या, आंटी?" त्या मुलानं विचारलं.

टीचरनी दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मिलेगा," त्या म्हणाल्या. "सुबह छह बजे मिस्सा है. उठेंगे?"

जोडपं रिक्षात बसून गेलं. दिवा त्याच संध्याकाळी उतरला.

* * *

उरला एकच संशय: खाणं. टाकीत जादा पडलेलं खाणं कुजतं आणि त्याचं खत होतं. मी नियम केला. एक दिवसाआड चिमूटभर, बस. सरांवर माझा विश्वास होता, पण आजोबा झालेला माणूस आणि भुकेला मासा यांना एका खोलीत ठेवू नये. म्हणून खाण्याचा डबा मी माझ्या घरी नेला. ऑफिसला जाताना वाट वाकडी करून यायचो, चिमूट टाकायचो, आकडे घ्यायचो आणि जायचो.

तरी शेवाळ वाढतच होतं.

याच दिवसांत वहीत एक नवी नोंद यायला लागली. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, वर, पाण्याच्या रेषेपाशी बारीक पांढरे कण काचेला चिकटलेले दिसत. एकदा नाही, बहुतेक रोज. मी भिंग लावून पाहिलं. बोटावर घेतले तर मऊ. चौकोन आखून मोजले. वहीत लिहिलं: डावा कोपरा, पांढरे कण, सुमारे सात. कारण अज्ञात. दुसऱ्या दिवशी: पांढरे कण, सुमारे नऊ. कारण अज्ञात.

रविवारी यावर चर्चा झाली. सरांचं मत पडलं, मीठ सुकतंय. जगन म्हणाला, पंपाचं प्लॅस्टिक झिजतंय, आपण बदलून देऊ. त्यानं बदलून दिला. कण होतेच. मी म्हणालो, प्रवाळातून काहीतरी सुटत असावं, आणि त्यावर दीड पान लिहिलं.

"टीचर, तुम्हाला काही दिसलं का?" मी विचारलं. "तुमचा वावर असतो हॉलमध्ये."

"मला काय विचारता, मोहन," टीचर म्हणाल्या. "मी त्या टाकीकडे बघतसुद्धा नाही."

* * *

माउली यायला चार दिवस राहिले. मी शेवटचा उपाय काढला: अंधार. टाकी पूर्ण झाकायची, बहात्तर तास, उजेडाचा कण आत जाता कामा नये, खाणं बंद. शेवाळ उजेडावर जगतं, ते मरतं. मासे आणि प्रवाळ तेवढं काढतात. बहुधा. हा 'बहुधा' मी मोठ्यानं म्हणालो नाही, पण सरांनी ऐकला.

"हेडमास्तर नऊ वर्षांचा आहे," ते म्हणाले.

"ओटीवर गेला तर मग काय आहे, सर?"

सरांनी होकाराची मान हलवली.

झाकायला जगननं दुकानातली ताडपत्री आणली. तिला डांबराचा वास. टीचरनी ती फाटकाबाहेरच अडवली. मग स्वतःच आतल्या ट्रंकेतून एक जाड काळा पडदा काढून दिला. पडद्याच्या काठावर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव आणि खाली 'बाहेर नेऊ नये'.

सरांनी ते वाचलं. टीचरकडे पाहिलं.

"परत करायचा राहिला," टीचर म्हणाल्या. त्या प्रथमच शाळेच्या मराठीत कमी आवाजात बोलल्या.

गुरुवारी संध्याकाळी सहाला टाकी झाकली. चारही बाजूंनी टाचण्या मारल्या, वरून दोरी बांधली, हवेचा पंप चालू ठेवला. "म्हणजे शुक्रवार, शनिवार आणि रविवारी येशूसारखं तिसऱ्या दिवशी पुन्हा उठायचं," सर म्हणाले.

टीचरनी कपाळाला क्रुसाची खूण केली. "असले विनोद नकोत."

* * *

शनिवारी सकाळी शेजारच्या मार्थाआजी लिंबू मागायला आल्या. हॉलमध्ये कुणी नव्हतं. सर वाडीत, टीचर मागच्या पडवीत. आजींना दारातून दिसलं ते असं: आल्तारावर मेणबत्ती पेटलेली, तिच्याखाली माणसाच्या लांबीची पेटी, पेटीवर काळं कापड, दोरीनं बांधलेलं.

आजी लिंबू न घेता परत गेल्या.

वीस मिनिटांनी सात बाया ओटीवर. दोघींच्या हातात जपमाळा, एकीच्या हातात वाडीतली फुलं. टीचर आवाज ऐकून बाहेर आल्या तशी मार्थाआजींनी त्यांना मिठी मारली. "बाय रेजिना, कळवलं पण नाहीस गो. कधी झालं?"

"काय कधी झालं?"

एवढ्यात वाडीकडून सर आले. लुंगी, खांद्यावर केळ्यांचा लोंगर. ओटीवर इतक्या बाया पाहून थांबले.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी मार्थाआजी म्हणाल्या, "सर, तुम्ही?"

"मी इथेच राहतो," सर म्हणाले.

फुलं परत न्यायची नसतात म्हणून ती आल्तारावर वाहिली. बायांनी जाताना एकेक फणी केळी नेली.

* * *

रविवार. हिरामावशी ताजं पाणी घेऊन दुपारीच आली होती, आणि मूर्तीचं दर्शन घेऊनच जाणार म्हणून थांबली. सहाला आम्ही टाचण्या काढल्या. पडदा सरांनी ओढला.

शेवाळ मेलं होतं. हिरवे केस राखाडी होऊन तळाशी पडलेले. जगननं ते जाळीनं काढलं, मी निम्मं पाणी बदललं, सरांनी काच पुसली. पावणेसातला टाकी अशी दिसत होती की मागची भिंतही स्वच्छ दिसावी. लहान मासे बाहेर आले. निळा आला, पिवळा आला, हेडमास्तरमागे फिरणारा तो लहानही आला.

हेडमास्तर आला नाही.

सरांनी टॉर्च मारून दगडांच्या मागे पाहिलं. मी उजव्या बाजूनं पाहिलं. जगननं जमिनीवर आडवं पडून खालून पाहिलं. "सर, मधल्या कपारीत असेल. मोठी आहे ती."

"असेल," सर म्हणाले. त्यांनी टॉर्च बंद केला नाही.

तेवढ्यात गाणं म्हणत आळी आली. माउलीची मूर्ती आल्तारावर ठेवली, माणसं हॉलभर, ओटीभर, पायरीपर्यंत बसली. सर पुढे गुडघे टेकून बसले, पण तोंड किंचित टाकीकडे. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, टीचर सांगत होत्या. दहा 'नमो मरिया' झाल्या की एक टप्पा पुरा होतो. टीचरच्या आवाजावर अख्खी आळी घड्याळ लावते. पहिला टप्पा दहा. दुसरा दहा. तिसऱ्याला मी मोजल्या, मला सवय आहे. टीचरनी बारा म्हटल्या. मार्थाआजींनी डोळे उघडून पाहिलं. चौथ्या टप्प्याला टीचर आठवरच थांबल्या.

मग त्या उठल्या. मेणबत्तीची वात बसली होती, ती सारखी करायला असेल. आल्तारापाशी गेल्या, टाकीच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि तिथूनच पुढची प्रार्थना सुरू केली.

कपारीतून हेडमास्तर निघाला. रंग उतरलेला, पट्टे मळके, पण निघाला. वाटेत कुणाला ढोसलं नाही, कुठे थांबला नाही. सरळ डाव्या कोपऱ्यात, वर, पाण्याच्या रेषेपाशी आला आणि टीचरकडे तोंड करून उभा राहिला. तोंड उघडत होता, मिटत होता.

"आई गं," मार्थाआजी म्हणाल्या. "मासा प्रार्थनेला आला."

पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी डोळे पुसले. सर टाकीकडे बघत होते आणि जपमाळेचे मणी त्यांच्या हातातून नुसतेच सरकत होते. प्रार्थना संपल्यावर प्रत्येकजण माउलीला नमस्कार करून मग टाकीपुढे एक मिनिट थांबला. टाकी ओटीवर न्यायची गोष्ट त्या घरात आता कुणाला काढता येणार नव्हती.

हिरामावशी माझ्याशेजारी दाराला टेकून उभी होती. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "मासा कवा देवाला येतो, भाऊ? मासा खायाला येतो."

* * *

सोमवारी मी लवकर निघालो. उपासानंतरचा पहिला आकडा महत्त्वाचा असतो. सातला सरांच्या फाटकापाशी पाववाला सायकल वळवत होता. सर वाडीत पाणी लावत होते, त्यांनी लांबून हात केला. दार उघडंच होतं.

टीचर मिस्सावरून नुकत्याच आल्या होत्या. बाहेरची साडी, खांद्याला पर्स तशीच. त्या टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी उभ्या होत्या. एका हातात कागदात गुंडाळलेले गरम पाव. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत पावाचा पांढरा गर, नखाएवढा. तो त्या चुरत होत्या आणि घरच्या बोलीत काहीतरी बोलत होत्या. मला निम्मंच कळलं. 'तीन दिवस' आणि 'बाबा माझा' एवढं.

हेडमास्तर पाण्याबाहेर नाक काढून खात होता.

मी चप्पल काढली, त्याचा आवाज झाला. टीचर वळल्या. त्यांनी बोटं पदराला पुसली. मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

"आजपासून एवढाच देईन," त्या म्हणाल्या, आणि अंगठ्याच्या नखावर माप दाखवलं. "सरांना वही वाचायची सवय आहे."

"हो, टीचर."

"चहा घेणार?"

मी चहा घेतला. मग भिंग काढलं, टाकीपाशी बसलो आणि डावं पान भरलं:

सोमवार, सकाळी सव्वासात. तापमान सव्वीस. क्षारता ठीक. शेवाळ नाही. हेडमास्तर हजर. डावा कोपरा, पांढरे कण, सुमारे तीन. कारण अज्ञात.